पंचेचाळीसचा काप

पालमच्या बसस्टँडकडून बाजाराकडे निघालं की थोडं पुढे आमचं दुकान लागतं. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन, मागे पत्र्याच्या शेडमध्ये नवऱ्याचं सुतारकाम आणि त्याला लागूनच राहायचं घर. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही आणि आता लिहितानाही हात धजत नाही, म्हणून इथेही मी त्यांना 'हे'च म्हणणार आहे.

ह्यांचं काम तसं दारं-खिडक्यांचं, पण आसपासच्या गावांत ओळख फ्रेमांमुळे. लग्नाचे फोटो, शाळेतून निरोप घेतलेल्या गुरुजींची मानपत्रं आणि सगळ्यात जास्त गेलेल्या माणसांच्या तसबिरी. माणूस गेल्यावर चार-सहा दिवसांनी घरातलं कुणीतरी गुंडाळलेला फोटो घेऊन दुकानात यायचं. बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्या माणसाचा चेहरा उचललेला असायचा, मागे निळं आभाळ चिकटवलेलं असायचं. हे तो फोटो टेबलावर पसरून बराच वेळ बघत. मग पट्टी निवडत. कष्टात गेलेल्या म्हातारीला नक्षीची सोनेरी पट्टी लावायला ह्यांना आवडायचं नाही. साधी सागवानी पट्टी पुढे करत आणि म्हणत, "ही बगा, ही शोभंल त्यांना." लोक ऐकायचे.

फ्रेमचं सगळं काम कोपऱ्यांत असतं. चारही पट्ट्यांची दोन्ही टोकं तिरपी, बरोबर पंचेचाळीस अंशांत कापावी लागतात. दोन तिरपी टोकं एकमेकांना भिडली की काटकोन होतो. हे काम आमच्याकडे टेबलाच्या कटरवर चालतं. लोखंडी टेबलाच्या मधोमध गोल पातं वर आलेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब सरळ खाच असते. त्या खाचेत सरकणारं एक अवजार असतं, त्याला मायटर गेज म्हणतात. आमच्याकडे नुसतंच गेज. खाली खाचेत बसणारी पट्टी, वर अंशांच्या खुणा असलेला अर्धगोल माथा. हवा तो कोन लावून माथा आवळायचा, लाकूड त्याला टेकवून धरायचं आणि गेजासकट पात्याकडे ढकलायचं.

मशीनसोबत आलेल्या जुन्या गेजाची पट्टी खाचेत ढिली होती. ढकलताना माथा जरासा डुलायचा. ह्यांना ते माहीत होतं. एवढ्या वर्षांत मनगटाचा दाब कमीजास्त करून ते डुलणं सावरायची ह्यांना सवय झाली होती. चालतंय तर चालू दे, असं ते म्हणायचे.

उन्हाळ्यातली दुपार होती. मी पुढे ब्लाउजला हुक लावत बसले होते. मागे मशीनचा आवाज चालू होता, तो मला एरवी ऐकूही येत नसे. एकदम त्या आवाजात काहीतरी अडकल्यासारखं झालं, खट्ट असा आवाज आला आणि मग मशीन पुन्हा मोकळी फिरायला लागली. माणसाचा आवाज आलाच नाही. मी आत गेले तर हे उभे होते, उजव्या हातानं डावा हात घट्ट धरून. बारका तुकडा कापताना गेज डुललं होतं, तुकडा पात्यात फिरला होता आणि त्याच्याबरोबर हात आत ओढला गेला होता.

ह्यांनी मला सांगितलं, "आधी मशीन बंद कर."

मी शिवायला आलेलं कुणाचं तरी कापड हाताला गुंडाळलं. शेजारच्यांनी जीप काढली.  परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केला, पण डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यातून गेली ती गेलीच.

जखम पावसाळ्याच्या आधी भरली. हात बाहेरून बरा झाला. हे मात्र आतून कुठेतरी मिटून गेले. बाहेर पडताना डाव्या हातावर दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकत. चहाचा ग्लास, जेवणाचं ताट, दाराची कडी, सगळं उजव्या हातानं. मशीनवर ताडपत्री टाकली आणि शेडला बाहेरून कडी लावली. कुणी फ्रेम करायला आलं की आतूनच सांगत, "परभणीला जावा आता." काही जण हळहळत, काही बाहेर उभं राहून माझ्याशी कुजबुजत. मी शिवणावर घर चालवत होते, तशी अडचण नव्हती. पण दिवसभर आढ्याकडे बघत पडलेलं माणूस घरात असलं की शिवताना दोऱ्याचाही आवाज मोठा वाटायला लागतो.

माझा भाऊ पुण्याकडे एका कारखान्यात यंत्रांच्या जोडणीचं काम करतो. तो ह्यांना बघायला आला तेव्हा एक जड डबा घेऊन आला.

"दाजी, मशीनसंगं आलेलं गेज फेकून द्या," तो म्हणाला. "हे वेगळं मिळतं. कुठल्याबी टेबलाला बसतंय. पट्टी जाड हाय, माथा भक्कम हाय."

ह्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही. "ठेव तिथं," एवढंच म्हणाले.

भाऊ गेला. तो डबा मी माझ्या कपाटात अस्तराच्या कापडाखाली ठेवून दिला. समोर राहिला तर ह्यांना सारखा दिसेल, असं वाटलं.

दिवाळी गेली. थंडी पडली. एक दिवस जवळच्या गावातले एक शिक्षक आले. हातात कागदात गुंडाळलेला फोटो आणि पिशवीत एक जुनी तसबीर. त्यांची आई गेली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "रविवारी आईचं पुण्यानुमोदन हाय. ही बाबांची तसबीर तुमच्याकडचीच हाय, दादांनीच केलेली. आईची तशीच पायजे. जोडीनं लावायची हाय भिंतीला."

हे आत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी वाट बघितली की आतून 'परभणीला जावा' असं येईल. आलं नाही. शिक्षकांनी आईचा फोटो उलगडला. म्हातारीनं कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुठेतरी पाहिलेलं होतं, जणू कुणी हाक मारली असावी. मी काही विचार न करता म्हणाले, "होईल."

ते गेल्यावर मी आत गेले. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं होतं.

"होईल म्हणालीस," हे म्हणाले. "कोण करणार?"

मी म्हातारीचा फोटो कपाटात नीट ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडची कडी काढली. ताडपत्री ओढली, टेबल पुसलं. इतकी वर्षं लांब फळ्यांचं दुसरं टोक धरून मी ह्यांच्या समोर उभी राहिलेली होते. काय कशानंतर करायचं ते डोळ्यांना पाठ होतं. शिक्षकांच्या वडिलांच्या तसबिरीला होती तशीच पट्टी माळ्यावर शिल्लक होती. जुनं गेज खाचेत बसवलं, पंचेचाळीसवर आवळलं आणि मशीन चालू केली.

पहिला काप झाला. दुसऱ्या वेळी पट्टी हातात थरथरली. माथा डुलला आणि तेवढ्यात मशीनचा आवाज खाली खाली जात बंद पडला. मागे वळून बघितलं तर हे मेन स्विचपाशी उभे होते. पायात चप्पल नव्हती.

"हात बगू," हे म्हणाले.

मी हात पुढे केले. ह्यांनी माझे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे केले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. किती महिन्यांनी ह्यांचा डावा हात माझ्या हाताला लागला होता. अर्ध्या बोटांची टोकं गरम आणि गुळगुळीत लागली.

"काय करायलीस तू हे?"

"काम करायले. सांगून बसलेय त्यांना."

"मला न्हाई बगवत."

"मग बगू नका. आत जाऊन पडा."

"पडून काय? आवाज तर येतोच की." हे खाली लाकडाच्या ढिगावर बसले. "तुला म्हाईत न्हाई. त्या दिवसापासून मला तोच आवाज ऐकू येतो. सारखा. मशीन बंद असली तरी येतो. आता तुझा हात तिथं बघितला आन् मला..." पुढे त्यांना बोलता येईना. दस्ती तोंडाला लावून ते वाकून बसले. मी जवळ जाऊन उभी राहिले. पाठीवर हात ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी बैलगाडी हाकत चाललं होतं, चाकांचा आवाज पार लांब जाईपर्यंत आम्ही तसेच होतो.

मग मी म्हणाले, "मी काम सोडणार न्हाई. तुमी एवढं सांगा, हात कुठं ठेवायचा."

ते उठून आत गेले. दिवस मावळायच्या सुमाराला पुढच्या खोलीत आले आणि माझ्या मशीनपाशी उभे राहिले.

"तुझ्या भावानं आणलेला डबा कुठं हाय?"

पुढचे काही दिवस आम्ही त्या गेजाच्या मागे लागलो. ह्यांनी आधी मेन स्विच पाडलं, मशीनचा प्लग काढला आणि प्लगला दोरी लावून ती पुढे माझ्या शिलाई मशीनच्या पायाला बांधून ठेवली. "हे सुटल्याबिगर कुणी काय चालू करायचं न्हाई," असं म्हणाले. आणि मग कामाला बसले.

नवीन गेज दिसायला देखणं होतं. माथ्यावर अंशांच्या खुणा बारीक कोरलेल्या, दर काही अंशांना भोक आणि त्यात बसणारी खुंटी. पण खाचेत घालून हलवलं तर तेही जरासं डुललं. जुन्याइतकं नाही, तरी डुललं. आमचं टेबल नांदेडच्या कारागिराकडून करून घेतलेलं, त्याची खाच थोडी मोठीच होती. कुठल्याही टेबलाला बसतं असं भाऊ म्हणाला होता खरा, पण कुठल्याही अंगाला बसणारा ब्लाउज कसा असतो हे मला ठाऊक होतं.

"खालची पट्टी जरा फुगवावी लागंल," हे म्हणाले. पट्टीच्या कडेला लोखंडी टोच्यानं ओळीनं ठोके मारले की प्रत्येक ठोक्याभोवती लोखंड किंचित वर येतं आणि पट्टी तेवढी रुंद होते. टोच्या धरायला डावा हात लागतो. मी म्हणाले, मी धरते. मी पट्टीवर टोच्या उभा धरला. ह्यांनी हातोडी उचलली आणि तशीच धरून राहिले. मी वर बघितलं. ह्यांच्या कपाळावर घाम होता.

"न्हाई," हे म्हणाले. "तुझ्या बोटावर बसला तर?"

त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मग खिळे उपटायची पकड घेतली, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत आणि अंगठ्यात ती बसवून बघितली. निसटली. पुन्हा बसवली. पकडीनं टोच्या धरला आणि म्हणाले, "मार. हळू." मी मारला. पकड हलली नाही. त्या हातानं हे पुन्हा काही धरू शकतात हे मला त्या क्षणी कळलं, आणि बहुधा त्यांनाही.  मी ठोके मारत गेले, हे टोच्या पुढे सरकवत गेले.

पट्टी आता घट्ट झाली, इतकी की सरकेना. मग जिथे अडते तिथे कानस फिरवायची, पुन्हा घालून बघायची. शेवटी खाचेत मेणबत्ती घासली. गेज एका बोटानं ढकललं तर शेवटपर्यंत सरसर गेलं आणि आडवं हलवलं तर हललं नाही.

मला वाटलं झालं. हे म्हणाले, "आता पातं बगू." खडूनं पात्याच्या एका दातावर खूण केली. तो दात पुढे आणून गेजापासून त्याचं अंतर मोजलं, मग पातं हातानं फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजलं. मागे अंतर जरा जास्त भरलं. म्हणजे पातं खाचेला समांतर नव्हतं, तिरकं उभं होतं. हे टेबलाखाली उताणे पडले आणि मोटारीच्या चौकटीचे नट ढिले केले. मी वरून मोजत राहिले आणि ते खालून लाकडी ठोकळ्यानं ठकठक करत राहिले.

"आता?"

"अजून थोडं."

"आता?"

"आता बरोबर."

ते तसेच खाली पडून राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं पात्यातबी खोट होती. मी गेजाला शिव्या घालायलो."

त्यानंतरचं सगळं त्यांनी माझ्या हातांसाठी केलं. गेजाच्या माथ्याला पुढून एक लांब, उंच सागवानी पट्टी स्क्रूनं बसवली, म्हणजे कापायच्या लाकडाला मागून भरपूर आधार. तिच्या तोंडाला बारीक पॉलिश पेपर चिकटवला, म्हणजे लाकूड कापताना घसरू नये. कापायचा तुकडा दाबून धरायला वरून एक शिकंजा लावला, म्हणजे हातानं धरायलाच नको. लांबी सारखी यावी म्हणून टोकाला अडवणारा ठोकळा बसवला आणि त्याची खालची कड थोडी तासली. मी विचारलं ते कशाला, तर म्हणाले, "भुसा साचला की ठोकळा लाकडाला नीट टेकू देत न्हाई. भुश्याला जायला वाट पायजे." पातं सागवानी पट्टी चिरून मागच्या बाजूला जिथे बाहेर येणार तिथे एक जाड लाकडी ठोकळा डकवला, म्हणजे ढकलणाऱ्याचा अंगठा चुकूनही उघड्या पात्यावर जाऊ नये.

सगळ्यात शेवटी माझ्या शिवणातला खडू मागितला. सागवानी पट्टीवर उभी रेघ ओढली. मग तेवढ्यावर समाधान होईना, तर दाराला लावायच्या लाल रंगाचा डबा उघडला आणि तीच रेघ ब्रशनं जाड केली.

"हात हिच्या अल्याड," हे म्हणाले. "काय बी होऊ दे. लाकूड फुकट जाऊ दे. हिच्या पल्याड हात न्यायचा न्हाई."

"बरं."

"बरं नको म्हणूस. न्हाई नेणार म्हण."

"न्हाई नेणार."

मग प्लगची दोरी सोडली.

भंगार पट्टीचे तुकडे घेऊन आधी कापून बघायचं ठरलं. हे स्विचपाशी. एक हात स्विचवर, नजर माझ्या हातांवर. मशीन सुरू झाली तसे त्यांचे ओठ घट्ट मिटलेले मला दिसले. मी गेज ढकललं. लाकूड हललं नाही, माथा डुलला नाही. पातं लाकडातून गेलं आणि मी थांबले. ह्यांनी स्विच बंद करेपर्यंत मी हात उचलला नाही. पातं पूर्ण थांबल्यावरच तुकडा काढायचा, असं आमचं ठरलं होतं.

असे आठ काप करून चारही तुकडे जमिनीवर मांडले. तीन कोपरे मिटले. चौथ्यात फट राहिली, नखाएवढी.

"खुंटी तर पंचेचाळीसच्या भोकातच हाय," मी म्हणाले.

"भोक कुणीतरी पाडलेलंच असतंय," हे म्हणाले. "एका कापाला केसाएवढा फरक हाय. तो कळत न्हाई. पण काप आठ हायेत. सगळा फरक गोळा होऊन शेवटच्या कोपऱ्यात येतो."

हे मला पटकन समजलं. परकराच्या कळ्या जोडताना प्रत्येक कळीत दोऱ्याएवढी चूक झाली तर घेर पुरा होताना शेवटची शिवण जुळत नाही. आधी कुठेच चूक दिसत नाही, शेवटी मात्र कापड ओढून बसवावं लागतं. मी त्यांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुला काय शिकवायचं राहिलं?"

सागवानी पट्टी आणि गेजाचा माथा यांच्यामध्ये एका टोकाला कागदाचा कपटा घालायचा आणि कोन तेवढा वळवायचा, असा उपाय निघाला. वर्तमानपत्राचा तुकडा जाड झाला. फट बाहेरच्या बाजूला उघडायच्या ऐवजी आतल्या बाजूला उघडली. मग मला साडीच्या घडीत येतो तो पातळ कागद आठवला. तो कापून घातला. पुन्हा आठ काप, पुन्हा जमिनीवर मांडणी. ह्यांनी काटकोन तपासायला गुण्या लावून बघितला, उजेडाकडे धरून बघितलं.  चौथा कोपरा मिटला होता.

खरी पट्टी कापली तो शनिवार होता. आधी दोन लांब बाजू ठोकळ्याला टेकवून सारख्या कापल्या, मग दोन आडव्या. पट्टीला काच बसायची एक बाजू असल्यामुळे ती उलटी करता येत नाही. म्हणून एक टोक डाव्या खाचेत गेज ठेवून कापायचं, दुसरं टोक गेज वळवून उजव्या खाचेतून. मला भीती वाटली नाही असं नाही. पण त्या भीतीला आता एक हद्द होती, तिच्या अलीकडे माझे हात होते आणि त्या हातांवर ह्यांचे डोळे होते. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा माझी पाठ घामानं भिजलेली होती.

जोडणी ह्यांनी केली. सरस लावला, भोवती दोरी आवळली, चुका, म्हणजे बारके खिळे, मारले. उजवा हात हातोडीला आणि डाव्या हातात पकड. काच बसवली, म्हातारीचा फोटो बसवला. मग शिक्षकांच्या वडिलांची जुनी तसबीर शेजारी ठेवली. एका कोपऱ्यात फट बुजवायची लांबी भरून वर पॉलिश मारलेलं होतं. ह्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हा कोपरा तेव्हा जुळला न्हवता," हे म्हणाले. "तुझे बरे जुळलेत."

"आपले," मी म्हणाले.

रविवारी आम्ही एसटीनं त्या गावाला गेलो. तसबीर चादरीत गुंडाळून ह्यांनी मांडीवर धरली होती. घरापुढे मांडव होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली होती. वंदना झाल्यावर शिक्षकांनी दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी लावल्या. वडील समोर बघत होते आणि आई त्यांच्या बाजूला. फोटो काढताना तिला कुणी हाक मारली होती कोण जाणे, पण आता ती नवऱ्याकडेच बघते आहे असं दिसत होतं. शिक्षकांच्या हे लक्षात आलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्यांना आवरलं नाही. बायकाही रडायला लागल्या. माझ्याही डोळ्याला पाणी आलं. मी त्या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं.

जेवताना एका वयस्क माणसानं ह्यांना विचारलं, "बोटं गेली म्हणून ऐकलं होतं. तरी तुमीच केली का ही?"

ह्यांनी दस्ती बाजूला ठेवलेली होती. डावा हात ताटाशेजारी होता. "हिनं कापली," ते म्हणाले. "मी जोडली."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवून जेवायला लागला.

तेव्हापासून आमच्याकडे असंच चालतं. मापं घेणं, लाकूड निवडणं, जोडणी आणि पॉलिश ह्यांच्याकडे, कटर माझ्याकडे. बाईमाणूस मशीनवर बघून दोन-चार गिऱ्हाइकं दारातून परत गेली. काही नुसती बघायला येतात आणि उगीच सल्ले देतात. शेजारणी म्हणायच्या, एकाचं झालं तेवढं पुरे नाही का. त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. मशीन सुरू करताना मला अजूनही एकदा थांबावं लागतं.

गेजालाही सारखं बघावं लागतं. उन्हाळ्यात सागवानी पट्टी किंचित वळते, पावसाळ्यात फुगते. कागदाचा कपटा कधी काढावा लागतो, कधी दुसरा घालावा लागतो. पात्यानं खाऊन खाऊन मूळची सागवानी पट्टी संपली, मग ह्यांनी दुसरी केली. लाल रेघ मात्र पट्टी बसवायच्या आधीच ओढली. ढकलायला सोपं जावं म्हणून मागे एक मूठ बसवली, ती माझ्या तळहाताच्या मापानं तासलेली आहे. कुणी दुसऱ्यानं धरली तर त्याला ती जरा वेडीवाकडी वाटेल.

ह्यांनी मात्र कापायला मशीनला हात लावला नाही. मी कधी विचारलं नाही. एखाद्याला त्याच्याच कामाबद्दल विचारायचं म्हणजे अवघडच जातं.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई आजारी होती म्हणून मी येलदरीकडे माहेरी गेले होते. आई बरी झाली तशी परत आले. पिशवी ठेवली, पाणी प्याले आणि सवयीनं शेडमध्ये डोकावले. टेबलावर ताजा भुसा होता. बाजूला पट्टीचा एक तुकडा होता, एका टोकाला तिरपा कापलेला. मी तो उचलून बघितला. स्वच्छ काप होता.

हे माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"तुमी कापला?"

"हां."

"कधी?"

"परवा. घरात कुणी न्हवतं. म्हटलं बगू तरी."

"मग?"

हे स्टुलावर बसले. डाव्या हाताचा अंगठा त्या अर्ध्या बोटांवरून फिरवत राहिले.

"जमलं," ते म्हणाले. "हात कापला न्हाई. म्हणजे थरथरला न्हाई, असं म्हणायलो. चालू केली, ढकललं, बंद केली. सगळं येतंय अजून."

"मग दुसरा का न्हाई कापला?"

बसल्या बसल्या त्यांनी टेबलावरचा भुसा हातानं एका कडेला गोळा केला. 

"पहिल्यासारखं वाटंल म्हणून केलं होतं," ते म्हणाले. "तसं काय वाटलं न्हाई. मशीन बंद झाली आन् मी नुसता उभा राहिलो. मला वाटलं, ह्याच्यासाठी एवढे दिवस झुरलो का मी? आता नको वाटतं मला ते. भीती न्हाई. नको वाटतं."

मला आनंद व्हायला हवा होता की वाईट वाटायला हवं होतं, ते मला त्या वेळी ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही. ज्या माणसाशी माझं लग्न झालं होतं त्याला त्या मशीनपुढून जेवायला उठवावं लागायचं. तो माणूस आता शांतपणे सांगत होता की त्याला ते नको आहे. ह्यात हरणं होतं का, की कशातून तरी सुटणं होतं? मी त्यांच्या चेहऱ्यात शोधत होते. चेहरा नेहमीसारखाच होता, जरा थकलेला, दाढी वाढलेली.

"आई कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"उठून बसायलीय. भाकर खाल्ली."

"बरं झालं."

मी तो तुकडा टेबलावर ठेवला. ह्यांनी उठून कोपऱ्यातली फळी ओढली, पेन्सिल कानामागून काढली आणि टेपचं टोक माझ्याकडे दिलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका घराची खिडकी राहिली होती. मी टेपचं टोक फळीच्या कडेला दाबून धरलं आणि ते माप घ्यायला वाकले.